पाठमोरी गाठ

जळालेली विजेची मोटार डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. गिऱ्हाईक पायरीवर असतानाच वास दुकानात शिरतो, आणि वाइंडरबाई मान वर न करता विचारते, "पाणी गेलं आत, की चालवणाऱ्याची अक्कल गेली?" गिऱ्हाईक ओशाळं हसतं. बहुतेक वेळा दोन्ही झालेलं असतं.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली, मागे दोन खोल्यांचं घर. पाटीवर एवढंच: 'येथे मोटारी भरून मिळतील.' मोटार भरायची म्हणजे तिच्या पोटातली जळकी तार उपसून काढायची, नव्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजून घालायचे, बाहेर राहिलेली कॉइलींची डोकी दोऱ्याने आवळून बांधायची, वॉर्निश पाजायचं आणि भट्टीत सुकवायचं. हे पुरुषांचं काम समजलं जातं. का, ते कोणी सांगू शकत नाही. समजलं जातं एवढं खरं. बाईने सत्तावीस वर्षं ते केलं, आणि असं केलं की आसपासच्या दुकानांतले पुरुष अवघड मोटार आली की मागच्या दाराने तिच्याकडे पाठवायचे आणि पुढच्या दारात उभं राहून तिची टवाळी करायचे.

तिच्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. स्वभावाला ठेवायची म्हटली तर दिवस पुरणार नाही. हाताखालच्या माणसाचा एक वेढा चुकला तर ती तो वेढा सोडवत बसत नसे. कटर उचलायची, अख्खी कॉइल कापायची, तुकडे त्याच्या पुढ्यात टाकायची आणि म्हणायची, "पहिल्यापासून." रडलास तर रडून झाल्यावर पहिल्यापासून, बोट कापलं तर पट्टी बांधून पहिल्यापासून. अशी तीन माणसं पळाली. त्यातला एक जेवून येतो म्हणून गेला तो अजून जेवतोच आहे.

आणि ती गाठ. कॉइलींची डोकी आवळत दोरा फेरी पूर्ण करून आला की शेवटी एक गाठ मारावी लागते. मोटार तापते, थरथरते. साधी गाठ दोन-चार महिन्यांत सैल पडते, दोरा सुटतो, तारा एकमेकींना घासतात आणि मोटार पुन्हा दुकानात येते. बाईची गाठ सुटत नसे. गव्हाच्या दाण्याएवढी, सपाट, दोन्ही टोकं आत गिळलेली. ती मारायची वेळ आली की बाई स्टुलावर गर्रकन फिरायची, दुकानाकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करायची. अर्धं मिनिट तिची फक्त कोपरं हलताना दिसायची. पुन्हा वळली की गाठ झालेली असे.

हे पाठ फिरवणं तिचं स्वतःचं नव्हे. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे ती शिकली तो असाच वळायचा. सगळं शिकवलं, गाठ शिकवली नाही. दोन वर्षं तिने समोरच्या कपाटाच्या काचेत बघून बघून ती उचलली, आणि एक दिवस मारून त्याला दाखवली. शाबासकी मिळेल असं वाटलं असावं. वय सतराचं होतं. म्हाताऱ्याने हातातली लाकडी हातोडी फेकून मारली. डाव्या भुवईवर अजून खूण आहे. त्या खुणेपासून माणसाला बरंच काही शिकता आलं असतं. बाई शिकली ते एवढंच की दुकानात काचेचं कपाट ठेवू नये. स्वतःचं दुकान टाकल्यावर तिने पहिल्याच दिवशी कपाटाच्या काचा काढून पत्रा ठोकला.

चिमटी तिची भाची. बहिणीने दुसरं घर मांडलं तेव्हा नऊ वर्षांची पोर पिशवीसकट इथे आणून सोडली आणि म्हणाली, "थोडे दिवस ठेव." त्या थोड्या दिवसांना आता सात वर्षं झाली होती. पोरीची बोटं बारीक, लांब. मोटारीच्या फटीत निसटलेली तार काढायची असली की बाई चिमटा शोधण्याऐवजी तिला हाक मारायची. तेच नाव पडलं. शाळेतून आली की दप्तर खाली, पॉलिशपेपर हातात. फार बोलायची नाही. बोलून उपयोग नसतो हे काही जणांना उशिरा कळतं, हिला वेळेत कळलं होतं.

चिमटी जायची त्या मुलींच्या शाळेत रोबोटचं वेड आलं ते वरून. कोणीतरी कुठेतरी ठरवलं की मुलींना यंत्रांची गोडी लावायची. लगेच फाटकावर फलक लागला, 'मुलींनो, उद्याचा दिवस तुमचा!' गुलाबी टी-शर्ट आले, फोटोवाला आला. यंत्र सगळ्यांत शेवटी आलं, तेही खोक्यात. पहिल्या वर्षी एका तरुण इंजिनिअरने रोबोट स्वतः जुळवला आणि पाच मुलींनी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. शाळाशाळांच्या स्पर्धेत परीक्षकांनी एका स्क्रूवर बोट ठेवून विचारलं, "हा कशासाठी?" पाचही जणींनी एकमेकींकडे पाहिलं. मग सगळ्यांनी मिळून इंजिनिअरकडे पाहिलं. असाच तमाशा आणखी चार-पाच शाळांचा झाला, तेव्हा स्पर्धेने नियम कडक केला: यंत्राला फक्त मुलींचे हात लागतील. मोठ्यांनी तोंडाने काय ते सांगावं. बोट लावलं की संघ बाद.

तेव्हा विज्ञानाच्या बाईंना वाइंडरबाई आठवली. कौशल्य आहे, शिवाय बाई आहे, फोटोतही बरी दिसेल. मुख्याध्यापिकांनी सभागृहात मुली बसवल्या आणि म्हणाल्या, "मुलींना प्रोत्साहनाचे दोन शब्द सांगा."

बाई उठली. "तुम्हाला टाळ्या छान वाजवता येतात," ती म्हणाली. "आता पाना कोणाकोणाला धरता येतो बघू. नट सुटायला कुठल्या बाजूला फिरवायचा? करा हात वर."

सहा हात वर झाले. त्यातले दोन डाव्या-उजव्याच्या गोंधळात पुन्हा खाली गेले.

"बरं," बाई म्हणाली. "म्हणजे फलक तेवढा तयार आहे."

मुली हसल्या. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत.

निवडलेल्या पाच जणी दर शनिवारी दुकानात येऊ लागल्या. एक डॉक्टरांची मुलगी, तिला सगळ्या कॅप्टन म्हणत. आयुष्यात 'नाही' हा शब्द तिने फक्त इतरांसाठी वापरलेला ऐकला होता. दोघी संगणकावर आज्ञा लिहायच्या, एक सांगाडा बसवायची, आणि तारा जोडायचं काम चिमटीकडे. बाईने कोणाला सोडलं नाही. कॅप्टनचा सरावाचा पहिला सांधा, डाग देऊन जोडलेला, तिने उजेडात धरला, "हे काय, शेंबूड?" म्हणाली आणि कटरने उडवला. कॅप्टन रडत घरी गेली. विज्ञानाच्या बाई धावत आल्या, "अहो ताई, असं बोलू नका हो. मुली आहेत, खचतात."

"मग मुलगे आणा," बाई म्हणाली.

पुढच्या शनिवारी कॅप्टन सगळ्यांच्या आधी हजर. नंतर सगळ्याच जणी तिच्यावर जीव टाकायला लागल्या, आणि यात नवल काही नाही. शाळेत त्यांनी काहीही केलं तरी 'वा वा, छान' ऐकू यायचं. आपली चूक कोणी एवढी मनावर घेतंय हे त्या प्रथमच बघत होत्या. सहा महिन्यांत त्यांचा रोबोट उभा राहिला. लोखंडी कोपराचा एक हात, पुढे पंजा. जमिनीवरचे ठोकळे उचलायचे आणि पेटीत टाकायचे. दोन मिनिटांत जितके जातील तितके.

जिंकणाऱ्या संघातल्या मुलींना तंत्रनिकेतनात थेट प्रवेश होता, वसतिगृहासकट. बाकीच्या चौघी तशाही कुठे ना कुठे गेल्याच असत्या. त्यांच्या घरी तशी सोय होती. चिमटीला भाषेत आणि इतिहासात जेमतेम गुण. तिच्यासाठी हे एकच दार होतं, आणि दाराच्या अलीकडे मावशीचं दुकान होतं. हे मावशीलाही माहीत होतं.

"जिंकलात तर तू जाणार म्हण," ती एकदा वेढे मोजता मोजता म्हणाली.

"हो."

"वसतिगृहात राहणार."

"हो."

"आणि इथे फटीतली तार कोण काढणार? तुझी आई?"

"चिमटा घे," चिमटी म्हणाली.

बाईचे वेढे चुकले. कापून पहिल्यापासून घालावे लागले.

रोबोटच्या कोपरात अकरा तारांचा जुडगा होता. हात वर-खाली झाला की तो वाकायचा. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळला तर पट्ट्या तारांना चावायच्या. म्हणून चिमटीने दुकानातल्यासारखा दोऱ्याने आवळून बांधला. सुबक बांधला, फक्त शेवटची गाठ साधी. पन्नासेक वेळा हात हलला की ती ढिली व्हायची. चिमटीने त्यावर उपाय काढला होता: प्रत्येक फेरीच्या आधी गाठ सोडायची, दोरा ओढायचा, नव्याने मारायची. वीस सेकंदांचं काम. चालत होतं.

स्पर्धेच्या आदल्या शनिवारी विज्ञानाच्या बाई सकाळीच एक कागद घेऊन आल्या. आमच्या यंत्राला कोणाही मोठ्याचा हात लागलेला नाही, असं त्यावर होतं. पाचही मुलींनी आपापल्या कामापुढे सही केली, शेवटी मार्गदर्शक म्हणून वाइंडरबाईने केली. दुपारी मुली टी-शर्ट आणायला गेल्या. रोबोट दुकानातच टेबलावर राहिला.

बाई एका लिफ्टच्या मोटारीवर काम करत होती. समोर ती साधी गाठ. तिने तिकडे पाहिलं नाही. मग पाहिलं. सोमवारी चारचौघांत हे यंत्र जाणार, लोक म्हणणार हे वाइंडरबाईच्या दुकानातून आलं, आणि त्याच्या कोपरावर ही असली, पिशवीच्या तोंडाला मारतात तसली गाठ! तळपायाची आग मस्तकात गेली. उठली, कटर घातला, सगळा दोरा उडवला आणि पहिल्यापासून आवळून शेवटी आपली गाठ मारली. दुकानात चिटपाखरू नव्हतं, तरी मारताना भिंतीकडे वळली; रोबोट उचलून मांडीवर घेऊन वळली.

सहीची शाई वाळून तीन तास झाले असतील. नियम ती विसरली नव्हती. भाचीसाठी केलं असंही नाही. तिच्यासाठी काही करायचंच होतं तर सात वर्षं पडली होती. आणि भाची जाऊ नये म्हणून केलं का, तर तेही तिला स्वतःला सांगता आलं नसतं. हाताला राहवलं नाही, एवढंच म्हणून तिने विषय मिटवला.

मुली परत आल्या. कॅप्टनने वाकून पाहिलं. "चिमटे! कसली भारी बांधलीस गं! कधी केलंस?"

चिमटीने गाठ पाहिली. मग मावशीकडे पाहिलं. कटर टेबलावर, तिच्या हाताशी होता.

"बघतेस काय?" बाई म्हणाली. "हात लावून तर बघ."

चिमटीने हात लावला नाही. तेव्हाच कापून आपली साधी गाठ मारली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण सात वर्षं ज्या हाताखाली काढली त्याच्यासमोर कटर उचलणं सोपं नसतं. ती कॅप्टनला म्हणाली, "झालं मघाशी," आणि टी-शर्ट घालून बघायला आत गेली.

स्पर्धेचं सभागृह टोलेजंग होतं. टेबलांच्या रांगा, दोरखंड लावलेला, दोरखंडाच्या अलीकडे आईबाप आणि शिक्षक. पलीकडे जायचं नाही, ओरडून सांगायचं नाही. मुलींच्या रोबोटने दोन मिनिटांत एकोणीस ठोकळे टाकले. दुसऱ्या नंबरच्या संघाने चौदा. कोपर एकदाही अडखळलं नाही. कॅप्टन उड्या मारत होती. विज्ञानाच्या बाईंनी मुख्याध्यापिकांना फोन लावून फुलं आणायला सांगितलं.

उरली तोंडी परीक्षा. परीक्षक होते पाणीपुरवठ्यातले एक निवृत्त इंजिनिअर, टक्कल पडलेले, मऊ बोलणारे. एकेकीला तिचं तिचं काम विचारत गेले. कॅप्टनने तर न विचारलेलंही सांगितलं. मग त्यांचं बोट कोपरापाशी आलं आणि थांबलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकले.

"ही गाठ," ते म्हणाले. "ही मी वीस वर्षं पंपांच्या मोटारींत बघत आलोय. ज्या मोटारीत ही असायची ती परत जळायची नाही. स्टोअरवाला पाठवायचा, भरून यायची. कुठून ते आमच्यापर्यंत कधी आलंच नाही. कोणी मारली ही?"

"हिने, सर!" कॅप्टनने चिमटीला पुढे ढकललं.

"तू? अगं, मला मारून दाखव ना." त्यांनी खिशातून चक्क दोऱ्याचं रीळ काढलं, असली माणसं रीळ बाळगतात. आवाजात संशय नव्हता. संशय असता तर बरं झालं असतं. हावरेपणा होता. वीस वर्षं ज्याचा शेवटच तेवढा पाहिला, ते होताना बघायला मिळणार म्हणून म्हातारा अधीर झाला होता.

दोरखंडाच्या अलीकडे वाइंडरबाई उभी. तिने घाबरायला हवं होतं. पण आधी झाल्या त्या गुदगुल्या. वीस वर्षं बघतोय! परत जळत नाही म्हणतोय! आणि ही गाठ इथे, या सभागृहात, या गावात दुसऱ्या कोणाला येत नाही. चिमटीलासुद्धा. तिला कुठली येतेय? मग तिच्या ध्यानात आलं की हेच तर संकट आहे. तोंड उघडून 'मी मारली, मुलीचा दोष नाही' म्हणायला तिला पुरेसा वेळ होता. तिने दोन्ही हात दोरखंडावर ठेवले आणि बघत राहिली.

चिमटीने दोरा घेतला. दोन बोटांवर एक वेढा घातला. तिथेच थांबली. अंगठा एकदा पुढे आला आणि मागे गेला. तिने मान फिरवून मावशीकडे पाहिलं, अगदी नीट, सावकाश, आणि दोरा टेबलावर ठेवला.

"ही मी नाही मारली. माझ्या मावशीने मारली. शनिवारी. सगळा दोरा तिनेच बांधलाय."

"काहीतरीच काय!" कॅप्टन ओरडली. "सर, ती घाबरलीय. तिनेच—"

"कोण मावशी?" इंजिनिअरनी विचारलं.

चिमटीने बोट दाखवलं. अख्खी रांग वळून बघायला लागली. वाइंडरबाईने हनुवटी वर केली. "जरा आवळून दिली," ती म्हणाली. "त्यात काय एवढं?"

एवढंच बोलायचं होतं तर दोन मिनिटं आधी बोलायचं.

इंजिनिअर बराच वेळ कागदावरच्या सह्या बघत राहिले. त्यांनाही वाईट वाटलं; पण वाईट वाटण्याने नियम बदलत नाहीत. संघ बाद झाला. एकोणीस ठोकळे बाद झाले.

कॅप्टनने चिमटीच्या तोंडाजवळ तोंड नेलं. "येत नव्हती तर गप्प राहायचं होतंस. सुटली म्हणायचं, विसरले म्हणायचं. आमचं वर्ष खाल्लंस तू. बोट दाखवायची फार हौस ना?" बसमध्ये बाकीच्या तिघींनी चिमटीच्या शेजारच्या जागेवर रोबोटचं खोकं ठेवलं.

विज्ञानाच्या बाई वाइंडरबाईला शाळेच्या फाटकापाशी गाठून म्हणाल्या, "आम्ही तुम्हाला मुलींना प्रोत्साहन द्यायला बोलावलं होतं." फुलं तोवर येऊन पोचली होती. ती शिपाईणबाईंनी घरी नेली.

घरी आल्यावर बाईने दुकानाचं दार लावलं आणि तोंड सोडलं. हल्ला आधी चढवायचा ही तिची जुनी रीत.

"नाक कापलंस माझं! सगळ्यांसमोर बोट दाखवतेस? सात वर्षं खाऊ घातलं ते यासाठी? येत नव्हती तर सांगायचं, विसरले म्हणून! गाठ न येण्यात लाज कसली? ती येतेय कोणाला?"

टेबलावर लिफ्टची मोटार होती, दोरा बांधून झालेला, शेवटची गाठ तेवढी राहिलेली. चिमटी तिच्यासमोर बसली. टोकं हातात घेतली. वळली नाही, मावशीसमोर, उघड्या दिव्याखाली, तिने ती गाठ मारली. अर्धं मिनिटही लागलं नाही. गव्हाच्या दाण्याएवढी, सपाट, दोन्ही टोकं आत गिळलेली.

बाईने चष्मा लावला. नखाने उचकून पाहिलं. गाठ हलली नाही.

"कुठे शिकलीस?"

चिमटीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. घड्याळ जरा पुढे झुकलेलं होतं. भट्टीची वेळ बघायला बाई दिवसातून पन्नासदा त्याच्याकडे बघायची, आणि गाठ मारताना नेमकी त्याच्याखाली बसायची. "काचेत दिसतं," चिमटी म्हणाली. "पाच वर्षं दिसतंय."

"मग रोबोटला का नाही मारलीस आधीच?"

"तू हातोडी फेकली असतीस."

"आणि तिथे? त्याने दोरा हातात दिला तेव्हा? मारायची होतीस! कोणाला कळलं असतं?"

"मारली असती तर तुझी गाठ माझी झाली असती," चिमटी म्हणाली. "मला तुझं काही नको."

मुलीने खरं सांगितलं, त्याचं कौतुक कोणाला करायचं असेल त्याने करावं. पण त्या खऱ्यात चार मुलींचं वर्ष गेलं होतं, आणि मावशीकडे वळून बघताना तिला ते पक्कं ठाऊक होतं. निर्दयपणा त्या घरात फुकट शिकायला मिळत होता. गाठीसारखं त्याच्यासाठी काचेत बघावं लागत नव्हतं.

बाईने कटर उचलला आणि मोटारीवरचा सगळा दोरा, आपला आणि तिचा, कापून टाकला. "पहिल्यापासून," ती म्हणाली. यावेळी ते कोणाला सांगितलं ते स्पष्ट नव्हतं, कारण चिमटी आत गेली होती.

चिमटीने आईला फोन केला. आई म्हणाली, इथे जागा नाही गं, बघतेस ना तू. तिने काही पाहिलं नव्हतं. त्या घरात तिला कधी बोलावलंच नव्हतं. ती राहिली तिथेच. शाळेत जायची, येऊन पॉलिशपेपर हातात घ्यायची. मावशीशी बोलणं 'हो' आणि 'नाही'वर आलं, मग तेही मानेने होऊ लागलं.

तीन आठवड्यांनी भर दुपारी ते टक्कल पडलेले इंजिनिअर दुकानाची पायरी चढले. पाणीपुरवठ्याच्या स्टोअरवाल्याला गाठून त्यांनी पत्ता काढला होता. बाईने स्टूल पुसून दिलं आणि शेजारून चहा मागवला. गिऱ्हाइकासाठी तिने असं आजवर केलं नव्हतं. म्हातारा अर्धा तास बोलत होता. कुठल्या पंपाची मोटार कुठल्या साली भरून आली, कुठली अजून चालू आहे. सत्तावीस वर्षांत तिच्या कामाबद्दल कोणी तिच्या तोंडावर बोललं नव्हतं. तिचे कान लाल झाले.

"मी आलो होतो दुसऱ्याच कामासाठी," उठता उठता ते म्हणाले. "ती मुलगी. माझ्या डोक्यातून जात नाही. तंत्रनिकेतनात मी अजून शिकवायला जातो. माझ्या शब्दावर एक जागा मिळते, गुण न बघता. पण हातात कसब आहे हे मला लिहून द्यावं लागतं. खरं बोलणारी आहे, ते मी पाहिलं. दोराही तिने बरोबर धरला होता, पहिला वेढा बरोबर घातला. मग थांबली. म्हणून विचारतो, बाई, तुम्हीच सांगू शकाल. तिला येते का हो ती गाठ?"

घड्याळ चालत होतं.

"नाही," वाइंडरबाई म्हणाली. "पोर प्रामाणिक आहे. पण हात नाही तिला."

"अरेरे," इंजिनिअर म्हणाले. "मला वाटलं होतं." त्यांनी कप खाली ठेवला, नमस्कार केला आणि पायरी उतरून गेले.

चिमटी शाळेतून आली तेव्हा टेबलावर दोन कप होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी ती आपणहून बोलली. "कोण आलं होतं?"

"मोटारवाला," बाई म्हणाली. "कधी मिळेल विचारत होता."

चिमटीने कप विसळून ठेवले आणि आपल्या जागी जाऊन बसली.

बाईच्या हातातल्या मोटारीची फेरी पूर्ण होत आली होती. दोऱ्याची टोकं हातात आली, तशी ती सवयीने स्टुलावर फिरली, भिंतीकडे. आता ते कोणापासून लपवायचं होतं? तरी फिरली. मग एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिने मान वर करून घड्याळाच्या काट्यांऐवजी काचेत पाहिलं, पोरगी बघतेय का ते.

चिमटी बघत नव्हती. ती मावशीकडे पाठ करून बसली होती, आणि तिची फक्त कोपरं हलताना दिसत होती.